खिडकीची पाळी

शिरूर कासार
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय समिना,

परवा फोनवर आई माझ्या प्रत्येक वाक्यात आपलं वाक्य घालत होती, आणि तुझ्या मागे कुणीतरी सारखं "चहा झाला का" विचारत होतं. त्यात आपलं दोघींचं बोलणं राहूनच गेलं. म्हणून पुन्हा कागद घेतला. कॉलेजच्या सुट्ट्यांपासूनची ही आपली चैन अजूनही सगळ्यात स्वस्त आहे.

तू विचारलंस, आपल्या दोन म्हाताऱ्या आठवड्यातून एकदा जातात तरी कुठे. फिरायला जातात. दवाखान्याला नाही, लग्नामयताला नाही, कामाला नाही. नुसतं फिरायला. लिहितानाही मला नवल वाटतं.

आईला आधारकार्डावर पंचाहत्तर पूर्ण झाली आणि पंचाहत्तरच्या पुढे एसटी फुकट, राज्यात कुठेही. कंडक्टर शून्याचं तिकीट देतो, ते ती पदराला गाठ मारून घरी आणते. तुझी अम्मी, माझी रहेमतखाला, आईपेक्षा थोरली हे सगळ्या गल्लीला ठाऊक. पण आधारच्या शिबिरातल्या मुलानं तोंडाकडे बघून वय टाकलं आणि खाला कागदावर आईहून धाकटी झाली. तिला अर्धं तिकीट. पहिल्या दिवशी गाडीत यावरून मोठा दंगा झाला.

"ह्या बायनाला मी परकरात बघितलंय," खाला कंडक्टरला म्हणाली, "आन् आता ही माझी आपा व्हय?"

"पाया पड मग थोरलीच्या," आई म्हणाली.

"आज्यांनो," कंडक्टर म्हणाला, "गाडी सोडू का आधी तुमचा निवाडा करू?"

त्यांचे नियम पक्के आहेत. भाकरी, ठेचा आणि पाणी घरचं. विकत काही घ्यायचं नाही, नुसतं बघायचं. उतरलं की स्टँडवर तोंड धुवायचं, बाकावर बसून माणसं बघायची, भाकरी खायची आणि परतीची गाडी धरायची. जाताना एकीला खिडकी, येताना दुसरीला. या पाळीवरून एवढी भांडणं होतात की शेतीच्या पाण्यावरूनही होत नसतील. संध्याकाळी ओट्यावर दोघी काय काय पाहिलं ते सांगतात, एकमेकींना खोडून काढत, आणि अर्धी गल्ली ऐकायला बसते.

मागच्या आठवड्यात नगरच्या रस्त्यानं गेल्या होत्या. तो रस्ता आईनं ऊसतोडीला जाताना हंगामामागून हंगाम केला, पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांड्याकुंड्यांवर, कोयता मांडीखाली घेऊन, वाऱ्याकडे पाठ करून. परत आली आणि म्हणाली, "सत्ये, त्या रस्त्याला डोंगर हायेत गं. मला ठावंच नव्हतं."

त्या दिवशी माझ्या रोजनिशीच्या वहीत मी एवढंच वाक्य उतरवून घेतलं. आई कारखान्याला गेली की मी तुमच्या घरी राहायची. माझी शाळा बुडू नये म्हणून खालानं मला तुझ्या ताटात जेवू घातलं. मी शिकले, नवरा सोडून परत आले, वाचनालयाच्या मानधनावर घर चालवते. पण या दोघींना मी कधी काही मौजेचं दिलं नाही. आता त्यांनी ते स्वतःच शोधलं आहे. मला फक्त डबा बांधायचा असतो.

तुझी
सत्या


लातूर
२८ नोव्हेंबर २०२४

सत्या,

"पाया पड मग थोरलीच्या" हे मी शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. सगळ्या हसल्या. घरी येऊन पुन्हा वाचलं तेव्हा मात्र काळजी वाटायला लागली.

मागच्या उन्हाळ्यात बीडच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते अम्मीनं तुला पूर्ण सांगितलं नसणार. हृदय अशक्त आहे. गोळ्या आहेत, त्या ती आठवण येईल तशा घेते. आणि तुला ठाऊक आहे, अम्मी दुखणं लपवण्यात पटाईत. अब्बा गेले तेव्हा तिला ताप होता हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.

मी फिरू नको म्हणत नाही. तिनं आयुष्यभर टोपलीतली सीताफळं विकली आणि दुसऱ्यांना गाडीत चढताना पाहिलं. पण एक अट आहे. एकदा जरी दम लागला, घाम फुटला किंवा छातीत जड वाटलं, तर फिरणं त्या दिवसापासून बंद. शहेबाज मुलाच्या हक्कानं तिला पुण्याला नेईल आणि त्याच्या एका खोलीत बसवून ठेवील, मी मध्ये पडणार नाही.

हा भाग दोघींना जसाच्या तसा वाचून दाखव. तू वाचलंस की त्या ऐकतात, कारण तू शब्द बदलत नाहीस.

समिना


शिरूर कासार
१९ जानेवारी २०२५

प्रिय समिना,

उत्तराला उशीर झाला, वाचनालयाची तपासणी होती. पण तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी वाचून दाखवलं. जसंच्या तसं. "एका खोलीत बसवून ठेवील" इथे खालानं तोंडावर पदर घेतला. मला वाटलं हसते आहे.

आता "अट" हा दोघींचा खेळच झाला आहे. आई जिना चढून आली की खाला ओरडते, "दम लागला! अट! अट!" खालाला जांभई आली की आई म्हणते, "लिहू का लातूरला?" परवा कंडक्टरनं विचारलं, "आज्जे, आज लई घाई?" तर खाला म्हणाली, "आमच्यावर केस हाय बाबा, अटीवर सुटलोय."

तब्येत चांगली दिसते. गाडीत चढण्याआधी पायरीशी जरा थांबते, चप्पल नीट करते. "दम न्हाई बरं का, आंगठा निसटतो," असं स्वतःच सांगते. चप्पल खरंच झिजली होती. संक्रांतीला नवी घेतली.

पुढच्या महिन्यात नांदूरघाटला जायचं ठरलं आहे. मामू गेल्यापासून खाला माहेरी गेली नाही. मी म्हटलं, तिथे आता ओळखीचं कोण? म्हणाली, "मानसं न्हाई बघायची. दारात चिंच हाय का तेवढं बघून यीन." त्या दिवशी जातानाची खिडकी तिची, हे आईनं आधीच कबूल केलं आहे.

एक मनातलं लिहिते. मी स्वतः कुठे जात नाही. त्या परत आल्या की त्यांच्या गोष्टींवर माझा आठवडा निघतो. कधी वाटतं, त्यांना जा जा म्हणते ते त्यांच्यासाठी की माझ्यासाठी? याचं उत्तर वहीत अजून सापडलेलं नाही.

तुझी
सत्या


लातूर
२६ फेब्रुवारी २०२५

सत्या,

अम्मी गेली त्या रात्री तू फोनवर सांगितलंस, "नांदूरघाटहून येताना गाडीत झोपेतच गेली." मी तेच धरून शिरूरला आले. तुझ्या गळ्यात पडून रडले. बायनामावशीच्या मांडीवर डोकं ठेवलं. तेव्हा मावशी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, तिलाही बोलवत नाही.

तिसऱ्या दिवशी, जियारतीला, तो कंडक्टर भेटायला आला. दारातच बसला. चांगला माणूस, रडत होता. म्हणाला, बीडहून गाडी भरून निघाली. अम्मी खिडकीला होती आणि डोकं मावशीच्या खांद्यावर. रायमोह्याला त्यानं विचारलं, "आज्जीला बरं नाही का?" मावशी म्हणाली, "झोपलीय. उठवू नको." त्याआधी मावशीनं बाटलीतलं पाणी बोटानं अम्मीच्या ओठांना लावलेलं त्यानं पाहिलं होतं. नंतर आपला पदर अम्मीच्या तोंडावर ओढला, ऊन लागतं म्हणून. सत्या, तेव्हा ऊन उतरलं होतं. संध्याकाळ झाली होती.

झोपलेल्या माणसाच्या ओठांना कुणी पाणी लावतं का?

तिला कळलं होतं. मग गाडी का थांबवली नाही? माघारी बीड जवळ होतं. श्वास चालू होता की नव्हता, हे तिथे बसून मावशीनं कसं ठरवलं? मला रोज वर्गात फळ्याकडे तोंड केलं की तो खांदा दिसतो.

हे पत्र मावशीला वाचून दाखव. आणि उत्तर तिच्याकडून हवं, तुझ्याकडून नको. तोपर्यंत मी फोन उचलणार नाही.

समिना


शिरूर कासार
९ मार्च २०२५

समिना,

वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही. आई ज्वारी निवडत होती. ऐकताना तिचे हात चालूच राहिले. शेवटी म्हणाली, "बरोबर लिहितीय पोर."

मी विचारलं, "आई, तुला कधी कळलं?"

"झोपली व्हती."

मी पुन्हा विचारलं. ती सूप घेऊन उठली आणि दाराशी जाऊन म्हणाली, "मी वडली गं तिला. लई वडली." कुठे ओढली, कशाकडे, ते सांगितलं नाही. तिसऱ्यांदा विचारायचं मला धाडस झालं नाही. मला खरं हवं आहे, हे मी स्वतःला रोज सांगते, आणि रोज विचारायचं टाळते.

पण मला जे ठाऊक आहे ते लपवत नाही. त्या दिवशी जातानाची खिडकी खालाची होती. म्हणजे येतानाची आईची. आई आपली पाळी कधी सोडत नाही; एकदा तर खालाला चक्कर येते म्हणूनही दिली नव्हती, "तुझी चक्कर खिडकी बघूनच येती" म्हणाली होती. मग बीडहून निघताना खाला खिडकीशी कशी होती?

आणि दुसरं. मी तुला चपलेचं लिहिलं होतं. नांदूरघाटला निघाल्या त्या सकाळी मी स्टँडवर पोचवायला गेले होते. खालाच्या पायात नवी चप्पल होती, आणि तरीही ती पायरीशी थांबली, दांडा धरून. मी पाहिलं. घरी येऊन वहीत लिहिलं की नवी चप्पल चावत असावी. ते पान मी फाडलेलं नाही. तू आईला विचारतेस, गाडी का थांबवली नाही. मी तर गाडी सुटायच्या आधी तिथेच उभी होते.

रोजे सुरू झाले असतील. खालाच्या घराला कुलूप आहे. आई संध्याकाळी जाऊन दारासमोर झाडून येते.

सत्या


लातूर
२४ मार्च २०२५

सत्या,

चाळिसावा आम्ही बीडला चाचांकडे केला. शिरूरला आले नाही. का, ते तुला माहीत आहे.

तिथे चाचांचा ख्वाजा होता. स्टँडच्या बाहेर फळांची गाडी लावतो तो. त्याला वाटत होतं मला सगळं ठाऊक आहे, म्हणून सहज बोलून गेला. त्या दिवशी नांदूरघाटच्या गाडीतून दोघी उतरल्या आणि त्याच्या गाडीशी आल्या. अम्मी खाली फरशीवरच बसली. घामानं पोलका भिजला होता. त्यानं मोसंबी सोलून दिली तर घेतली नाही. "स्टँडवर काय घ्यायचं न्हाई, कायदा हाय आमचा" म्हणाली. मावशीनं रिक्षा थांबवली. अम्मीचा दंड धरून ओढत होती, "दवाखान्यात चल" म्हणून भांडत होती. अम्मीनं हात सोडवून घेतला. ख्वाजानं तिचे शब्द मला अम्मीच्याच आवाजात सांगितले: "समिनाला कळलं की बसवून ठेवतील गे मला. घरी चल, बायना. घरी पडते जरा." मग दोघी शिरूरच्या गाडीत चढल्या. ख्वाजाला वाटलं, थकली असेल.

मी घरी येऊन नोव्हेंबरमधलं माझं पत्र आठवायचा प्रयत्न केला. मी काय लिहिलं होतं ते मला शब्दशः आठवतं आहे. दम, घाम, छाती. त्यातलं एकेक तिला झालं, आणि एकेक तिनं लपवलं. माझ्यापासून.

मावशीला मी काय काय बोलले! तिनं ते ऐकून घेतलं.

आता एकच सांग. ख्वाजा म्हणतो ते खरं का? अम्मी माझ्या अटीला भिऊन दवाखान्यात गेली नाही का? मावशीला विचार. ती सांगेल ते जसंच्या तसं लिही. तू शब्द बदलत नाहीस. म्हणून तुलाच विचारते.

समिना


शिरूर कासार
६ एप्रिल २०२५

समिना,

ईद होऊन गेली. त्या दिवशी तुला पत्र टाकवलं नाही.

तुझं पत्र वाचून दाखवलं. आई खराटा घेऊन खालाच्या दारासमोर झाडायला गेली. दुसऱ्या दिवशी वाचनालयातून आले तर अंगणात बाज टाकून माझी वाट बघत बसली होती. म्हणाली, "कागद घे. मी सांगते तसं लिही." पुढचं तिचं आहे.

"समिना बाळा,

ख्वाजा सांगतो त्यातलं वडायचं खरं हाय. मी तिला वडत व्हते. पन रिक्षाकडं न्हाई, गाडीकडं. शिरूरची गाडी लागलती. ती गेली आस्ती तर दुसरीला लई येळ व्हता. तुझी अम्मी म्हणत व्हती, बायना, दवाखान्यात जाऊ. मीच न्हाई म्हणले. मला घराची घाई झालती. ख्वाजा लांब व्हता, गिऱ्हाईक व्हतं, त्याला उलटं ऐकू गेलं. अट-बिट आमच्या ध्यानातबी नव्हती. म्हाताऱ्या मानसांच्या काय ध्यानात ऱ्हातंय? तवा तुला रागवायचं तर माझ्यावर रागव. मी हाय अजून रागवायला.

नांदूरघाटला चिंच हाय. मोठी झालीय. घराला लोखंडी फाटक बसवलंय. एक सून बाहिर आली, कोन पायजे म्हणली. तुझी अम्मी म्हणली, कुनी न्हाई बाई, गाडीची वाट बघतो. मग बांधाच्या बोरीखाली बसून बोरं येचली. खाल्ली न्हाई एकबी. पदरात बांधली, समिनाला आवडतेत म्हणली.

येताना खिडकीची पाळी माझी व्हती. तिला दिली. रायमोह्याच्या अलीकडं ती म्हणली, बायना, ते बघ. मी बघितलं. नुसतं रान व्हतं, तुरीच्या तुराट्या व्हत्या. काय बघ म्हणली ते मला आजून कळलं न्हाई. मंग तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी पानी लावलं, तोंडात गेलं न्हाई. मला कळलं. कंडक्टरला सांगितलं आस्तं तर गाडी थांबली आस्ती, तिला रस्त्यात उतरवली आस्ती, लोक जमले आस्ते बघायला. मी म्हणले, तिचं तिकीट शिरूरपत्तुर हाय. जाऊ दे शिरूरपत्तुर.

मी आता स्टँडवर जाते, गाड्या बघते. चढत न्हाई. एकलीला फुकटबी महाग पडतंय."

इथपर्यंत आईचं. सांगताना ती माझ्याकडे न बघता खालाच्या कुलपाकडे बघत होती. झाल्यावर म्हणाली, "जसंच्या तसं लिहिलंस?"

"लिहिलं."

"एक अक्षर बदलू नको. टाकून ये."

मी बदललेलं नाही. तू मागितलंस तसं, तिचं बोलणं तुझ्यापर्यंत पोचवलं आहे. आयुष्यभर मला वाटत आलं की शब्द न बदलणं म्हणजेच खरं सांगणं. त्या संध्याकाळी तुझं पत्र वाचतानाही असंच वाटलं होतं, आणि खालानं तोंडावर पदर घेतला तेव्हा मी पुढचं वाक्य वाचत होते. आता मला याबद्दल काही ठामपणे सांगता येत नाही.

जानेवारीतलं माझं पत्र तू ठेवलं असशील. अटीच्या गमतीजमती लिहिलेलं. ते काढून वाचू नकोस, समिने. आईचं ऐक.

बोरं वाळली आहेत. आईनं ती डब्यात भरून फळीवर ठेवली आहेत आणि मला पोस्टानं पाठवू देत नाही. ती तुला इथे येऊनच घ्यावी लागतील.

सत्या